मूत्राशयातील बीसीजी उपचार : दुष्परिणाम कसे ओळखावेत आणि कसे हाताळावेत

मूत्राशयाचा कर्करोग आतल्या अस्तरापुरता किंवा फार तर त्याखालच्या पातळ थरापुरता मर्यादित असेल, दुर्बिणीतून गाठ काढून झाली असेल आणि ती पुन्हा उद्भवण्याचा किंवा स्नायूपर्यंत खोलवर जाण्याचा धोका डॉक्टरांना अधिक वाटत असेल, तर पुढचा सल्ला बहुतेक वेळा बीसीजीचा असतो. क्षयरोगाच्या लसीत असतो तोच जिवंत पण दुबळा केलेला जंतू नळीवाटे थेट मूत्राशयात सोडायचा, असा हा उपचार आहे. पहिल्या टप्प्यात दर आठवड्याला एक याप्रमाणे ६ डोस देतात. त्यानंतर, गरज असेल तर, ठरावीक महिन्यांनी ३-३ डोसांच्या फेऱ्या एक ते तीन वर्षे चालतात. हा लेख हा उपचार नव्याने सुरू करणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. इथे लिहिलेले आणि तुमच्या रुग्णालयाने दिलेल्या सूचना यांत कुठे फरक आढळला, तर रुग्णालयाच्या सूचनाच पाळाव्यात, कारण तुमचा आजार, तुमची इतर दुखणी आणि वापरले जाणारे औषध यांची माहिती त्यांना आहे.

त्रास मुळात का होतो

ही गोष्ट आधी समजून घेतली, तर पुढच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप कळतात. अल्बेर काल्मेत आणि कामिय गेरॅं या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांना होणाऱ्या क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवत नेऊन त्याची रोग निर्माण करण्याची ताकद घालवली, आणि १९२१ मध्ये तो लस म्हणून माणसाला पहिल्यांदा देण्यात आला. १९७६ मध्ये कॅनडातील डॉ. आल्व्हारो मोरालेस यांनी तोच जंतू मूत्राशयात सोडून कर्करोगाच्या ९ रुग्णांवर केलेल्या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजपर्यंत हा उपचार आपले स्थान टिकवून आहे.

केमोथेरपीची औषधे कर्कपेशींना थेट मारतात. बीसीजीचे मुख्य काम वेगळे आहे. हे जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा परका जंतू आल्याचे ओळखून पांढऱ्या पेशींची फौज तिथे पाठवते, आणि त्या धुमश्चक्रीत कर्कपेशीही मारल्या जातात. म्हणजे मूत्राशयाला सूज यावी हाच या उपचाराचा हेतू आहे. लघवीला जळजळ होणे, वारंवार जावे लागणे, अंगात कणकण येणे हे त्या सुजेचे बाहेर दिसणारे रूप होय. त्यामुळे प्रत्येक त्रासाकडे पाहताना एकच प्रश्न विचारावा : ही मूत्राशयापुरती राहिलेली, दोन-तीन दिवसांत ओसरणारी सूज आहे, की जंतू मूत्राशयाबाहेर पडून शरीरात पसरल्याची खूण आहे? पहिल्या प्रकारचा त्रास बहुतेकांना होतो, दुसऱ्या प्रकारचा फार थोड्यांना होतो; पण दुसरा ओळखण्यात उशीर झाला तर तो जिवावर बेतू शकतो.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नये. काही रुग्णांना जवळजवळ काहीच त्रास होत नाही आणि मग औषध लागूच पडत नाही अशी शंका त्यांना खाऊ लागते. त्रास नाही म्हणजे परिणाम नाही, असे समजण्याचे कारण नाही. परिणाम झाला की नाही हे सिस्टोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहण्याच्या तपासणीत, आणि लघवीतल्या पेशींच्या तपासणीत कळते.

पहिली पायरी : सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

औषधात जिवंत जंतू असल्यामुळे, प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला ते धोक्याचे ठरू शकते. स्टेरॉइडच्या गोळ्या, संधिवातावरील किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, एचआयव्ही, रक्ताचा कर्करोग, सध्या असलेला किंवा पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग यांपैकी काहीही असेल, तर ते विचारले जाण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे. कृत्रिम सांधा, हृदयाची कृत्रिम झडप किंवा रक्तवाहिनीतली कृत्रिम नळी बसवलेली असेल तर तेही सांगावे, कारण क्वचित प्रसंगी जंतू अशा ठिकाणी जाऊन बसतात. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना हा उपचार देत नाहीत. दुर्बिणीतून गाठ काढल्यानंतर मूत्राशयाची जखम भरण्यासाठी किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. भरायच्या आधीच औषध सोडले तर जंतू उघड्या जखमेतून रक्तात शिरू शकतात. नातेवाईक कधीकधी उपचाराला उशीर होतो म्हणून अस्वस्थ होतात, पण ही थांबण्याची मुदत रुग्णाच्याच सुरक्षिततेसाठी असते.

दुसरी पायरी : डोसाचा दिवस

डोसाच्या आधी सुमारे चार तास पाणी, चहा, कॉफी कमी ठेवण्यास सांगतात, म्हणजे मूत्राशयात औषध पातळ होत नाही आणि ते दोन तास धरून ठेवणेही सोपे जाते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे आधीच विचारून ठेवावे. मनाने ती बंद करू नये.

त्या दिवशी ताप असेल, लघवीत उघड रक्त दिसत असेल किंवा लघवीच्या संसर्गाची लक्षणे असतील, तर डोस पुढे ढकलावा लागतो. ही लक्षणे लपवून "आता आलोच आहोत तर डोस उरकून घेऊ" असे म्हणणे सर्वांत घातक आहे. नळी घालताना बरीच इजा होऊन रक्त आले तरीही डॉक्टर त्या दिवशी डोस देत नाहीत, आणि त्यांचा हा निर्णय बरोबर असतो. बीसीजीनंतर झालेल्या गंभीर रक्तसंसर्गाच्या प्रसंगांत नळीने झालेली इजा हे वारंवार आढळलेले कारण आहे.

औषध सोडून नळी काढली की ते शक्यतो दोन तास आत ठेवायचे असते. काही ठिकाणी या वेळात कुशी बदलायला सांगतात. दोन तास निभले नाहीत तर घाबरू नये, पण किती वेळ धरता आले हे लिहून ठेवावे आणि तासाभराच्या आतच लघवी करावी लागली असेल तर परिचारिकेला किंवा डॉक्टरांना जरूर कळवावे. उलट, चांगला परिणाम व्हावा म्हणून दोन तासांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवू नये.

तिसरी पायरी : पहिल्या सहा तासांतील स्वच्छता

हा भाग घरच्यांना सर्वांत जास्त धास्ती घालतो. खरे तर नियम मोजकेच आहेत. पहिल्या लघवीपासून सहा तास, पुरुषांनीही, बसूनच लघवी करावी, म्हणजे थेंब उडत नाहीत. प्रत्येक वेळी लघवी झाल्यावर कमोडमध्ये अंदाजे तितकेच घरगुती ब्लीच ओतावे, झाकण लावून १५ मिनिटे थांबावे आणि मगच फ्लश करावे. ब्लीच ओतताना खिडकी उघडी ठेवावी आणि ते ॲसिड असलेल्या टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ही शेवटची सूचना छापील पत्रकांत अनेकदा राहून जाते, म्हणून ती मी मुद्दाम देत आहे.

नंतर हात आणि जननेंद्रियाची जागा साबणाने धुवावी, अन्यथा त्वचेवर राहिलेल्या औषधाने आग होते. कपड्यांवर लघवी सांडली तर ते कपडे वेगळे काढून लगेच धुवावेत. लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याने हातमोजे वापरावेत, आणि घरात गर्भवती स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी असेल तर हे काम त्यांच्याकडे देऊ नये. शरीरसंबंधांबाबत सर्वसाधारण सल्ला असा की डोसानंतर दोन दिवस ते टाळावेत आणि त्यानंतरही डोसापासून आठवडा उलटेपर्यंत कंडोम वापरावा. एकत्र बसून जेवणे, एका खोलीत झोपणे, नातवंडाला जवळ घेणे यांत कसलाही धोका नाही. रुग्णाला वेगळे पाडण्याची मुळीच गरज नसते आणि असे वेगळे पाडले गेल्याचे दुःख त्याला त्रासांपेक्षा अधिक जाचते.

चौथी पायरी : पहिले दोन-तीन दिवस

त्रास साधारणपणे डोसानंतर काही तासांत सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत ओसरतो. लघवीला जळजळ, दर अर्ध्या-पाऊण तासाने जावेसे वाटणे, घाई इतकी की वाटेतच थेंब सुटावेत, ओटीपोटात दुखणे, लघवीला किंचित गुलाबी छटा येणे किंवा तिच्यातून बारीक कण पडणे, थकवा, अंगदुखी आणि हलकी कणकण ही नेहमीची लक्षणे आहेत. पहिला डोस बऱ्याच जणांना सोपा जातो. प्रतिकारयंत्रणेची जंतूशी ओळख वाढत जाते तसा दुसऱ्या-तिसऱ्या डोसापासून त्रास वाढू शकतो. पहिला डोस सहज गेला म्हणून निश्चिंत झालेल्या रुग्णाला तिसऱ्या डोसानंतर धक्का बसतो, तो याच कारणाने.

हे किती जणांना होते, याचा अंदाज युरोपातील एका मोठ्या चाचणीवरून येतो. तिच्यात बीसीजी घेतलेल्या सुमारे १३०० रुग्णांपैकी जवळपास ७० टक्क्यांना काही ना काही दुष्परिणाम झाला, मात्र दुष्परिणामांमुळे उपचार सोडावा लागलेले रुग्ण ८ टक्क्यांच्या आसपास होते. त्रास होणे सामान्य आहे, पण उपचार सोडावा लागण्याइतका त्रास तुलनेने कमी जणांना होतो.

घरी करण्यासारखे बरेच काही आहे. औषध बाहेर पडल्यानंतर भरपूर पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती प्यायचे हे विचारून घ्यावे. कॉफी, कडक चहा, मद्य, फार तिखट किंवा आंबट पदार्थ यांनी जळजळ वाढत असेल तर दोन दिवस ते टाळावेत. ओटीपोटावर कोमट शेक घेतल्याने बरे वाटते. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते, पण गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवावा, कारण गोळीनंतरचा आकडा खरा ताप झाकतो. जळजळ किंवा घाई कमी करणारी औषधे डॉक्टरांकडून घेता येतात. त्यांतल्या फेनाझोपायरिडिनने लघवी नारिंगी होते. ते रक्त नव्हे. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी घाईवरचे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये, त्याने लघवी अडू शकते.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. बीसीजीनंतर लघवीची साधी तपासणी केली तर तिच्यात पस सेल्स आणि लाल पेशी दिसणारच, कारण सूज आणणे हाच तर उपचार आहे. तो अहवाल पाहून जवळच्या दवाखान्यातून प्रतिजैविके सुरू करणे ही फार सर्रास होणारी गोष्ट आहे. संसर्ग आहे की नाही हे कल्चर तपासणीवरून, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहून, ठरवावे लागते. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन यांसारखी काही प्रतिजैविके बीसीजीच्या जंतूंवरही मारा करतात, त्यामुळे ती घ्यायची की नाही आणि केव्हा, हे उपचार करणाऱ्या मूत्ररोगतज्ज्ञांनीच ठरवावे.

पाचवी पायरी : ताप

या संपूर्ण लेखातून एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. डोसाच्या संध्याकाळी ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटच्या, आसपास ताप येऊन दुसऱ्या दिवशी उतरला, तर तो अपेक्षित आहे. ताप ३८.५ अंशांच्या, म्हणजे सुमारे १०१.३ अंश फॅरनहाइटच्या, वर गेला, किंवा कमी असूनही ४८ तासांत उतरला नाही, तर उपचार करणाऱ्या विभागाला फोन करावा. आणि ताप ३९.५ अंशांवर, म्हणजे १०३ अंश फॅरनहाइटवर गेला, हुडहुडी भरून दात वाजू लागले, रक्तदाब खाली गेला, धाप लागली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला, तर कोणत्याही फोनची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात न्यावे. रात्र आहे, सकाळी पाहू, असा विचार करू नये.

रुग्णालयात पोहोचल्यावर पहिले वाक्य हे असावे : "मूत्राशयाच्या कर्करोगासाठी यांना बीसीजीचा डोस अमुक दिवशी दिला आहे." अपघात विभागातील डॉक्टरांना हे कळले नाही तर ते नेहमीच्या जंतुसंसर्गाचाच विचार करतील, आणि नेहमीच्या प्रतिजैविकांपैकी बरीचशी या जंतूवर चालत नाहीत. शरीरात पसरलेल्या बीसीजीसाठी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅम्बुटॉल ही क्षयरोगावरची औषधे काही महिने द्यावी लागतात आणि प्रकृती गंभीर असेल तर त्यांच्या जोडीला स्टेरॉइडही देतात. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारातले पायराझिनामाइड मात्र इथे उपयोगी पडत नाही, कारण हा जंतू मुळातच त्याला दाद देत नाही. डोसाच्या तारखा आणि औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे.

हे वाचून भीती वाटणे साहजिक आहे, म्हणून प्रमाणही सांगतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २६०० हून अधिक रुग्णांच्या एका आढाव्यात ३९.५ अंशांवरचा ताप सुमारे ३ टक्के रुग्णांना आला होता आणि रक्तात संसर्ग पसरण्याचे प्रमाण ०.४ टक्के, म्हणजे हजारात चार, इतके होते.

सहावी पायरी : मूत्राशयाबाहेरच्या खुणा

ताप सोडून इतर काही लक्षणे दूरच्या अवयवांत दिसतात, आणि रुग्णाला त्यांचा मूत्राशयाशी संबंध आहे हे सुचतच नाही. गुडघा, घोटा किंवा इतर सांधे सुजून दुखू लागणे आणि त्याच सुमारास डोळे लाल होणे, ही प्रतिकारयंत्रणेच्या अति उत्साहाची खूण असू शकते. डोळा दुखणे, उजेड सहन न होणे किंवा अंधुक दिसणे यांसाठी नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे. पुरुषांत एका बाजूचा वृषण सुजणे किंवा बसताना दुखून लघवीची धार बारीक होणे हे वृषणनलिकेच्या किंवा प्रोस्टेटच्या सुजेमुळे होते. प्रोस्टेटच्या सुजेत रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे, कर्करोगाच्या तपासणीत मोजले जाणारे प्रथिन) वाढलेला आढळू शकतो, त्यामुळे त्या काळात ही तपासणी झाल्यास बीसीजीचा उल्लेख करावा. कोरडा खोकला आणि धाप फुप्फुसाकडे, तर डोळे पिवळे होणे आणि अन्नावरची वासना उडणे यकृताकडे बोट दाखवतात. अंगावर पुरळ उठले तरी कळवावे. लघवीत गुठळ्या पडू लागल्या किंवा लघवी पूर्ण अडली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सातवी पायरी : पुढच्या डोसाआधीचे बोलणे

नवख्या रुग्णांकडून दोन टोकाच्या गोष्टी होतात. काही जण उपचार थांबवला जाईल या भीतीने त्रास सांगतच नाहीत, तर काही जण त्रासाला कंटाळून न सांगताच येणे बंद करतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते, कारण या दोहोंच्या मध्ये डॉक्टरांकडे पुष्कळ मार्ग असतात. त्रास निवेपर्यंत डोस आठवडा-दोन आठवडे पुढे ढकलता येतो, लक्षणांवर औषधे देता येतात, ठरावीक वेळी प्रतिजैविकाच्या मोजक्या गोळ्या देता येतात, काही रुग्णांत मात्रा कमी करता येते, आणि देखभालीच्या फेरीतला एखादा डोस गाळताही येतो. यांतले काय करायचे हे तुमच्या कर्करोगाचा धोका किती आहे यावर अवलंबून असते. धोका जास्त असलेल्या रुग्णांत पूर्ण मात्रा आणि तीन वर्षांची मुदत यांचा फायदा दिसलेला आहे, म्हणून मात्रा कमी करण्याचा हट्ट आपण धरू नये. पण त्रासाची खरी हकिगत देणे आपले काम आहे.

त्यासाठी एक छोटी वही ठेवावी. प्रत्येक डोसाची तारीख, औषध किती वेळ धरले, ताप किती व किती तास राहिला, रात्री लघवीला किती वेळा उठावे लागले, रक्त दिसले का, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि सगळे पूर्ववत व्हायला किती दिवस लागले, एवढे पुरे. "बराच त्रास झाला" या वाक्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. "ताप ३८.२, दहा तास, जळजळ चौथ्या दिवसापर्यंत" या नोंदीवरून ठरवता येते. आधीच्या डोसाचा त्रास पूर्ण न निवता पुढचा डोस घेतला तर तो साचत जातो, आणि मूत्राशय आकसून त्याची क्षमता कायमची घटणे हा दुर्मीळ पण दुःखद परिणाम टाळायचा असेल तर हे साचणे वेळीच थांबवावे लागते.

बीसीजीऐवजी दुसरे औषध मिळाल्यास

बीसीजी लागू पडले नाही आणि मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया शक्य किंवा मान्य नसेल, तर काही रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध शिरेतून देतात. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला या कारणासाठी मान्यता मिळाली. तेही प्रतिकारशक्तीवरच काम करते, पण त्याचा परिणाम साऱ्या शरीरावर होत असल्यामुळे वर दिलेले नियम त्याला लागू करू नयेत. तिथे लघवीच्या जळजळीऐवजी सततचे जुलाब, नवा खोकला, पुरळ, थायरॉइड बिघडल्याने येणारा थकवा, कावीळ, अचानक वाढलेली तहान व रक्तशर्करा यांवर लक्ष ठेवावे लागते. हे त्रास उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात.

उपचार संपल्यानंतर

बीसीजीचे जंतूही क्वचित महिन्यांनी, काही वेळा वर्षांनी, एखाद्या सांध्यात, मणक्यात किंवा मोठ्या रक्तवाहिनीत डोके वर काढतात. बरेच दिवस राहणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन किंवा न थांबणारी पाठदुखी असेल, तर ज्या कोणा डॉक्टरांकडे जाल त्यांना पूर्वी मूत्राशयात बीसीजी घेतल्याचे सांगावे. या उपचारानंतर क्षयरोगाची त्वचाचाचणी सकारात्मक येऊ शकते. त्या निकालावरून क्षय झाल्याचे ठरवण्याआधी डॉक्टरांना ही माहिती असायला हवी. डोसांची वही फेकून देऊ नये. ती सिस्टोस्कोपीच्या अहवालांबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावी आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे.